त्रेपन्नची पोर्शे

गेल्या जानेवारीत आमचा बॉयलर बंद पडला. इंग्लंडमधल्या लेस्टरची थंडी, घरात दोन मुलं आणि नळाला हात बधिर करणारं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला आला. पन्नाशीचा गडी, दंडावर गोंदण, गुडघ्यांना पॅड बांधलेले. तासाभरात काम उरकून त्याने बेसिनवर हात धुतले आणि चहा होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. बाहेर आमची गाडी होती.

"तुझी का?"

"हो," मी म्हटलं. हे "हो" मी दोन वर्षं घासूनपुसून तयार केलंय. त्यात कौतुक दिसता कामा नये, पण समोरच्याला ते सापडलं पाहिजे.

"छान आहे. माझ्याकडे दोन होत्या. एक निळी, एक चंदेरी. निळी विकून व्हॅनला पैसे घातले. चंदेरी सासू चालवते. भाजीबिजी आणायला."

साखर किती, वगैरे झालं. बिल देऊन त्याला दारापर्यंत सोडलं. बिल जबरी होतं, पण ते नाही लागलं. सासू लागली.

इथे श्रमाला कसा मान आहे, प्लंबर आणि प्रोफेसर एकाच पबमध्ये एकाच टेबलावर कसे बसतात, असं मीच कधीकाळी याच जागी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. जुन्या वाचकांना आठवत असेल. तो मान प्लंबरच्या सासूच्या पोर्शेपर्यंत जातो हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

तर गाडीबद्दल. पोर्शे बॉक्स्टर एस, २००३ची. कापडी टप, दोनच सीटा, इंजीन पाठीमागे, बसलेल्याच्या कण्याला चिकटून, ३.२ लिटरचं. ती मी २०२३ मध्ये ६,२०० पौंडांना घेतली. त्या वेळच्या भावाने साडेसहा लाखाच्या आत. आपल्याकडे तेवढ्यात स्विफ्ट दारात येते. हा आकडा मी आज पहिल्यांदा मराठीत लिहितोय. माझ्या गावी, कराडला, कुणालाही सांगितलेला नाही.

घेतली त्या संध्याकाळी टप उघडून, मुलीला शेजारी बसवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत मावशी, आत्या, पुण्याचे, कोल्हापूरचे, सगळे जागे. "अभिमान वाटतो रे." "एक कोटी असेल ना?" मी नमस्काराचे हात पाठवले. बाबांनी मात्र फोन करून सरळ विचारलं, "केवढ्याला?" मी म्हटलं, "बाबा, नवीची किंमत एक्केचाळीस हजार पौंड आहे." आता हे वाक्य तपासून बघा, त्यात एक अक्षर खोटं नाही. गाडीबरोबर मिळालेल्या फाइलमध्ये पहिल्या मालकाचं मूळ बिल आहे, त्यावर तोच आकडा आहे. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला असणार. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग "जपून चालव" म्हणाले.

या फाइलबद्दल सांगायलाच हवं, कारण या देशात जुनी गाडी विकत घेतात म्हणजे खरं तर तिची फाइल विकत घेतात. माझी चांगली तीन बोटं जाड आहे. प्रत्येक सर्व्हिसचा शिक्का, प्रत्येक टायरची पावती. एका रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. आधीच्या चार मालकांनी मिळून नुसत्या डागडुजीवर माझ्या खरेदीच्या दुपटीहून जास्त खर्च केला होता. गाडी स्वस्त होते, पण तिचे सुटे भाग आणि मेकॅनिकचा तास कधी स्वस्त होत नाहीत. ते एक्केचाळीस हजारांच्या गाडीचेच राहतात. हत्ती पडेल भावात मिळतो, त्याला ऊस मात्र बाजारभावाने घालायचा. त्यात या पिढीच्या इंजिनांमध्ये आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजे इंजिनातला मधला दांडा) नावाचं एक बेअरिंग आहे. ते गेलं की बहुतेक वेळा इंजीनच घेऊन जातं आणि नवं इंजीन गाडीपेक्षा महाग पडतं. अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी खटला केला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. बेअरिंग गेलेल्या गाड्या किती टक्के, हा भाग वेगळा. धास्ती सगळ्यांनाच, आणि किंमत धास्तीनेच पडते. माझ्या गाडीचं बेअरिंग तिसऱ्या मालकाने बदललंय. पावती आहे. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवलीय, आपण जन्मदाखला ठेवतो तशी.

इथे जुन्या गाड्यांची किंमत पडण्याचं दुसरं कारण तर सरकारी आहे. इथला रोड टॅक्स धुरावर ठरतो. जास्त धूर सोडणारी गाडी २३ मार्च २००६च्या आधी नोंदलेली असेल तर कर एका पायरीवर थांबतो, त्या दिवशी किंवा नंतर नोंदलेली असेल तर वर्षाला सुमारे तीनशे पौंड जास्त. त्यामुळे २००६च्या फेब्रुवारीतली गाडी एप्रिलमधल्या तशाच गाडीपेक्षा लोक आवडीने घेतात. वय जास्त म्हणून मागणी जास्त, असं मी लग्नाच्या बाजारात तरी कधी ऐकलेलं नाही.

पण पैशांपेक्षा छळते ती नंबरप्लेट. आपल्याकडे एमएच ५० म्हटलं की गाडी कराडची एवढंच कळतं. गावाचं नाव, झालं. इथल्या प्लेटवर वय असतं. २००१च्या सप्टेंबरपासूनची पद्धत: दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे म्हणजे साल. मार्चमध्ये नोंदलेली २००३ची गाडी ०३, सप्टेंबरची ५३. माझी ५३. म्हणजे मी सिग्नलला थांबलो की मागच्या माणसाला माझ्या पोर्शेचं वय तिच्या आवाजाआधी कळतं. बाईने कपाळावर जन्मसाल गोंदून लग्नाला यावं तसं.

यावर उपाय आहे. खाजगी नंबर विकत घ्यायचा. नॉर्दर्न आयर्लंडचे नंबर स्वस्तात मिळतात, त्यांच्यावर साल नसतं. पुष्कळ जण लावतात. नियम एवढाच की गाडी आहे त्याहून जुनी दिसली तर चालेल, नवी दिसता कामा नये. काय हा नियम! गाडीने वय वाढवून सांगितलं तर सरकारची हरकत नाही. मी असा नंबर बघून ठेवला होता. बायको म्हणाली, "म्हणजे गाडीला कलप लावणार तू?" तो विषय तिथे संपला. (तिचं गाडीबद्दलचं मूळ मत एका ओळीत सांगतो: माणसं चार, सीटा दोन.)

आणि कलप लावूनही काय झाकणार? सरकारी संकेतस्थळावर कुठल्याही गाडीचा नंबर घाला, तिच्या वार्षिक तपासणीचा सगळा इतिहास समोर येतो. किती मैल चालली, कधी नापास झाली, का झाली, पास करताना काय काय बजावलं. मालक असण्याची गरज नाही, पासवर्ड नाही, फी नाही. गॅसवाल्याने चहा पिता पिता माझ्या गाडीचं ते पान उघडलं होतं. "मागचा डावा टायर बघून घे," म्हणाला. मला हा पारदर्शीपणा तत्त्वतः फार आवडतो. आपल्याकडे मीटर मागे फिरवून गाड्या खपवतात, तिथे असं काही यायलाच हवं. फक्त माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून दुसऱ्याने मोठ्याने वाचायला नको.

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलसमोर गाडी लावली तेव्हा दोन प्रकारचे लोक दिसले. विद्यार्थी म्हणून नुकते आलेले धावत आले, "दादा, एक फोटो?" वीस वर्षं राहिलेल्यांनी आधी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फार प्रेमाने म्हणाले, "अरे वा, हौस आहे हां." हौस! घसारा म्हणजे वयाबरोबर उतरत जाणारी किंमत; मराठीत एवढ्या गोड शब्दात एवढा घसारा दुसरा कोणी बसवला नसेल.

बरं, पोर्शेवाल्यांत तरी मान असेल? तिथे उतरंड वेगळीच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडायला आली होती. १९९६ मध्ये आलेल्या बॉक्स्टरने तिला वर काढलं. खर्च वाचवायला बॉक्स्टरचा आणि त्या वेळच्या नव्या ९११चा (पोर्शेची मानाची, महाग गाडी) पुढचा बराचसा भाग एकच ठेवला, दिवेसुद्धा तेच. हाफ-फ्रायमधलं पिवळं फुटून ओघळावं तसे दिसतात ते. ९११वाल्यांना ते अजून पचलेलं नाही. एवढे पैसे मोजून आरशात मागची बॉक्स्टर आपल्यासारखीच दिसते म्हणजे काय! त्यांनी बॉक्स्टरला न्हाव्याची गाडी ठरवून टाकलं. आता सांगा, न्हाव्याने गाडी घेऊ नये का? मी हे तावातावाने एकाशी भांडलोही. भांडताना गॅसवाला आठवला आणि आवाज आपोआप खाली आला.

त्यात आणखी एक पायरी निघाली. चेसिस नंबरचं अकरावं अक्षर एस असेल तर गाडी जर्मनीतल्या श्टुटगार्टची. यू असेल तर फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी या गावात बनलेली, कारण मागणी पुरी होईना म्हणून काम तिथल्या कारखान्याला दिलं होतं. मी पावसात छत्री धरून टॉर्चने काचेखालचा नंबर वाचला. यू. फरक काहीही नाही, उलट फिनलंडची जुळणी उत्तम असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. जरा जास्त वेळा म्हणतो.

शेजारच्या गोऱ्याकडे मागच्या वर्षी कोरी इलेक्ट्रिक गाडी आली. तीन वर्षांचा करार, महिन्याला हप्ता, शेवटी मोठी रक्कम भरा नाहीतर गाडी परत द्या. इथे खाजगी गिऱ्हाइकं नवी गाडी बहुतेक अशीच घेतात. म्हणजे तो दर महिन्याला भरतो तो प्रामुख्याने घसारा आणि व्याज. माझी रोखीने घेतलेली, कुणाचं देणं नाही, पडायची तेवढी किंमत चार माणसांच्या खिशातून आधीच पडून गेलेली. शहाणा कोण? हे मी त्याला कधी बोललो नाही. पण तो सकाळी गाडी चार्जिंगला लावत असला की मी उगाचच माझी सुरू करतो.

बाबा कराडजवळच्या साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. घसारा हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकलाय. पण आमच्या घरातल्या पहिल्या गाडीला तो लागू नव्हता. बजाज चेतक, १९८४. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिलेली. स्कूटर दारात आली, आईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि त्याच संध्याकाळी गल्लीतले एक सोनार येऊन म्हणाले, "वर दोन हजार देतो, आत्ता द्या." नव्यापेक्षा जुनी महाग. 'ऑन'चा जमाना. बाबांनी नाही म्हटलं आणि ते नाही म्हणणं पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगितलं. गाडीची ऐट म्हणजे काय, ते मी त्या ओट्यावर शिकलो. दुसऱ्याला हवी आहे, पैसे घेऊन उभा आहे, आणि मिळत नाही. लेस्टरमध्ये माझ्याकडे कोणी उभं नाही. पोर्शे तर गॅसवाल्याच्या सासूकडेही आहे.

म्हणून मी कराडची पोर्शे सांभाळून ठेवली होती. ती अजून एक्केचाळीस हजारांची होती, तिला वय नव्हतं. दोन वर्षं.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बाबा ओट्यावर, शेजारचे काका बाजूला. मला ऐकू यावं म्हणून बाबा त्यांना मोठ्याने सांगत होते, "पोर्शे आहे हो त्याची, जर्मन." मी फिनलंड गिळलं. काका चहाला आत गेल्यावर बाबांनी फोन जवळ धरला, नाक आणि चष्मा एवढंच दिसेल इतका.

"तुझा भाचा आला होता. तू टाकलेल्या फोटोत नंबर दिसतोय. त्याने तो कुठल्याशा सरकारी सायटीवर घातला."

मी काही बोललो नाही.

"मागचा डावा टायर झिजलाय म्हणून लिहिलंय त्यात. बदललास का?"

"बदलतो या आठवड्यात."

"२००३ची गाडी आहे," बाबा म्हणाले. "मी मांडून पाहिलं. एक्केचाळीस हजार, दर साल पंधरा टक्के, वीस वर्षं. सोळाशेसुद्धा राहत नाहीत. त्याच्यावर नाही ना दिलेस?"

आतून काकांचा आवाज आला, पोर्शे ॲव्हरेज किती देते म्हणून. बाबांनी मान वळवली.

"अहो, पोर्शेला ॲव्हरेज विचारतात का?" ते ओरडले, आणि पुन्हा माझ्याकडे बघून उत्तराची वाट पाहत बसले.