तुम्ही विचारलंत म्हणून: ती वाघनखं खरी का?

"गुरुजी, तुम्ही तर लंडनचं ते म्युझियम बघून आलात. आता एकदाचं सांगून टाका, वाघनखं खरी की खोटी?"

हे मला लग्नात विचारतात, दहाव्याला विचारतात, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण असताना विचारतात. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याला फक्त माझी मान हललेली हवी असते. मी "त्याचं असं आहे..." म्हटलं की समोरचा घड्याळ बघतो. म्हणून आता लिहूनच काढतो. वाचायचं तर पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट, लंडनला मी वाघनखं पाहिलेली नाहीत. शिवाजी महाराजांनी अफझलखानाला ज्यांनी मारलं ती हीच, असं म्हणतात, ती नखं लंडनच्या म्युझियमकडून आणायचा ऑक्टोबर २०२३ मध्ये करार झाला, तीन वर्षांच्या बोलीवर ती इकडे आली, १९ जुलै २०२४ पासून सातारच्या संग्रहालयात मांडली, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. मी लेकीकडे गेलो तो पावसाळा संपल्यावर. म्हणजे नखं सातारला आणि वाईचा माणूस लंडनला. "तुम्ही तिथं बघितलीच असतील" म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा.

पण नखं जिथून आली त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मी जाऊन बसायचो, हे खरं. तिकीट नाही आणि आत ऊब. (खास प्रदर्शनांना तिकीट असतं. त्या नोव्हेंबरात मोगलांवरचं मोठं प्रदर्शन लागलं, ते लेकीनं काढून दिलं. अकबर, जहांगीर, शाहजहान, तिथंच संपलं. औरंगजेबाची पाळी आली नाही, त्यामुळे आपलीही नाही.) शुक्रवारी रात्री दहापर्यंत दारं उघडी असतात आणि बहुतेक महिन्यांतल्या शेवटच्या शुक्रवारी तर आत गाणीबजावणी चालते. पुतळ्यांच्या मधून पोरं पेले घेऊन हिंडताना पाहिली तेव्हा मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही.

तिथल्या दोन गोष्टी या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत, म्हणून सांगतो.

एक म्हणजे टिपूचा वाघ. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूच्या वाड्यातून उचललेला लाकडी वाघ, पंजाखाली आडवा पडलेला गोरा माणूस आणि वाघाच्या पोटात बाजा. बाजूचा दांडा फिरवला की वाघ गुरगुरायचा आणि माणूस विव्हळायचा. लंडनच्या लोकांनी तो इतका फिरवला की शेवटी हात लावायला बंदी आली. तो खरा का, असं कोणी विचारत नाही. लुटीचा माल होता, त्याची नोंद झाली, कुठून कुठं गेला हे कागदावर आहे. लूट केली की पावती राहते. प्रेमानं किंवा दबावानं हातावर ठेवलेल्या वस्तूची राहत नाही. हे मला फार विचित्र वाटलं आणि अजून वाटतं.

दुसरी म्हणजे साच्यातल्या पुतळ्यांची दालनं. १८७३ सालची. रोमचा ट्राजनचा स्तंभ तिथं प्लास्टरमध्ये उभा आहे, तोही दोन तुकड्यांत, कारण छपराखाली मावत नाही. मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे. राजघराण्यातल्या बायका यायच्या तेव्हा त्याची लाज राखायला केलेलं प्लास्टरचं अंजिराचं पानही जपून ठेवलंय, वेगळ्या काचपेटीत. हॉलभर नकला! आणि लोक वर मान करून तासन्‌तास बघतात. नक्कल आहे असं लिहिलेलं असलं की कोणाचं मन दुखावत नाही. खरी आहे असं लिहिलेलं असलं तरी नाही. दुखावतं ते मधलं वाक्य.

वाघनखांच्या नोंदीत नेमकं तेच मधलं वाक्य आहे. नखांबरोबर एक पेटी आहे, स्कॉटलंडला करून घेतलेली. तिच्यावर इंग्रजीत कोरलंय, त्याचा मतलब असा: शिवाजीनं मोगल सरदाराला ज्यानं मारलं ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ सातारला रेसिडेंट (म्हणजे कंपनी सरकारचे दरबारातले अधिकारी) असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानानं त्यांना दिलं. पुढे ग्रँट डफच्या घराण्यातूनच ते म्युझियमकडे आलं. म्युझियम म्हणतं, १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला त्या सुमारास हे डफकडे गेलं असणं शक्य आहे; पण शिवाजी महाराजांनी सुमारे १६० वर्षं आधी वापरलेली नखं हीच, याची खात्री करता आलेली नाही. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत तर उघडपणे म्हणाले की ही ती नव्हेतच. त्यावर काय धुरळा उडाला, ते तुम्ही पाहिलंत.

आता माझं. अफझलखान मोगल नव्हता, विजापूरचा होता. चौथीतलं पोरही सांगेल. आणि ग्रँट डफला हे ठाऊक नव्हतं म्हणावं तर त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापलाय, त्यात खान विजापूरचाच आहे आणि महाराजांच्या डाव्या हाताच्या बोटांत वाघनखंही आहेत. मग पेटीवरचा मजकूर त्यानं स्वतः सांगितलेला नसावा, मागून घरातल्या कोणीतरी कोरून घेतला असावा, असा माझा कयास. शिवाय पेशवा हाच मुळात प्रधान. त्याच्या प्रधानानं दिलं म्हणजे कोणी दिलं? पण मजकूर चुकला म्हणून आतली वस्तू खोटी ठरत नाही. नाव चुकीचं लिहिलेल्या पाकिटातही पत्र खरं असू शकतं.

हे सगळं मी सातारला त्या रांगेत सांगितलं. थोडक्यात सांगितलं होतं, तरी भोवलं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी पाचगणीला टुरिस्ट गाडी चालवतो. त्याचा मुलगा चौथीत. "गुर्जी, पोराला दाखवायचंय, तुमी संगं चला, म्हंजी त्याला समजंल." गेलो. शाळांच्या सहली आलेल्या, गणवेशातली पोरं एकमेकांना ढकलतायत, पोलीस ओरडतायत. आमच्यापुढे एका आजींनी चपला काढून हातात घेतल्या. काचेसमोर आलो तेव्हा मुलानं डावी मूठ वळली, बोटं आत घेतली आणि मला विचारलं, "यानंच का?"

ती मूठ माझी. मी वर्गात टेबलावर उभा राहून तशीच दाखवायचो. त्याच्या बापाला दाखवली होती, बापानं घरी पोराला.

बाप म्हणाला, "सांगा की गुर्जी."

मी पेटीवरचा मजकूर सांगितला. 'मोगल सरदार' म्हटल्याबरोबर पोरगं म्हणालं, "पण खान तर आदिलशहाचा!" माझ्या तोंडून "शाब्बास!" जरा मोठ्यानंच गेलं. मागच्या माणसानं ऐकलं.

"म्हंजी खोटी म्हणताय व्हय?"

"खोटी म्हणत नाही. खात्री देता येत नाही, असं ते म्युझियमच म्हणतंय."

"ज्यांनी नेली त्यांच्याच तोंडचं आमाला सांगताय?"

कोणीतरी म्हणालं, "लेक हाय न्हवं लंडनला." हशा झाला. आजींनी माझ्याकडे बघितलं, काचेला हात लावून कपाळाला लावला आणि पुढे गेल्या. माझ्या विद्यार्थ्यानं पोराचा दंड धरला आणि तोही पुढे गेला. मी एकटाच मागे राहिलो, मागची रांग पाठीला टोचत होती.

येताना पाचवडला चहा घ्यायचं ठरलं होतं. गाडी थांबली नाही. वाईला दारात सोडताना इंजिन चालू ठेवूनच तो म्हणाला, "गुर्जी, तुमीच शिकवलं हुतं, टेबलावर उभं ऱ्हाऊन. तवा खरं हुतं का?"

तेव्हाही खरं होतं, आजही आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, खान पडला, बोटांत नखं होती. मी वर्गात एवढंच सांगत होतो. ती नखं पुढे कुठे गेली, हे पुस्तकात नव्हतं आणि मला कोणी विचारलंही नाही. हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं, तोवर गाडी वळली होती.

टेबलावरच्या त्या मास्तरशी माझं आता रोज भांडण होतं. तो म्हणतो, पोरापुढे कशाला बोललास? घरी आणून सांगायचं. मी म्हणतो, पोरानंच तर चूक पकडली. ती पकडायला तूच शिकवलंस. तो म्हणतो, आणि त्या आजी? इथं माझं तोंड बंद होतं.

पण खरा खिळा त्या मागच्या माणसानं ठोकला. म्युझियमनं उद्या लिहिलं असतं की हीच ती, शंभर टक्के, तर मी तो कागद मिरवत गावभर फिरलो असतो की नाही? फिरलो असतो. तेव्हा "ज्यांनी नेली त्यांच्या तोंडचं" असं मी म्हटलं नसतं. त्यांचं 'हो' मला चालणार होतं, त्याला त्यांचं 'नाही' चालत नाही. तो चुकतोय असं मला वाटतं, पण नेमका कुठे, हे मांडून दाखवता येत नाही.

विद्यार्थ्याचा फोन त्यानंतर आला नाही. पोराला इतिहासात किती पडले, हे विचारायच्या निमित्तानं मीच करीन म्हणतो.