नाथसागराचा उथळ काठ

माघातल्या एका सकाळी आम्ही नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर, खाम नदी जलाशयात येते त्या बाजूला उभे होतो. पाणी उतरल्यामुळे उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत हरभरा घाट्यावर आला होता, पलीकडच्या चिखलात चक्रवाकांची एक जोडी चरत होती आणि नदीच्या पात्रातून मळकट फेस संथपणे पुढे सरकत होता. जाळे झटकणारे एक वयस्कर मच्छीमार काका म्हणाले, "दोन दिस उन्हात टाकलं तरी ह्या जाळ्याचा वास जात नाही, दादा." जाळ्याच्या गाठींत जलपर्णीची काळी, केसाळ मुळे आणि प्लास्टिकच्या चिंध्या अशा गुंतल्या होत्या की, मासे काढण्यापेक्षा त्या सोडवण्यातच त्यांचा अधिक वेळ जात होता.

जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरणाऱ्या या जलाशयात १०० टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडे अधिक पाणी मावते. हिशेब केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. या उथळपणातच अभयारण्याचा प्राण आहे, कारण रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे पक्षी आपले अन्न शोधतात ते गुडघाभर पाण्यात, चिखलात आणि काठच्या गवतात, खोल पाण्यात नव्हे.

आणि घाण पहिल्यांदा साचते तीही इथेच. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम छत्रपती संभाजीनगर, छावणी आणि वाळूज परिसरातून येताना घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी सोबत आणते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर जलपर्णी फोफावते, ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि माशांवर जगणारे पक्षी ती जागा सोडतात. शहराच्या हद्दीत गेल्या काही वर्षांत खामच्या पुनरुज्जीवनाचे चांगले काम झाले आहे, ते मी पाहिले आहे आणि त्याचा मला आनंद आहे. परंतु काठ सुशोभित झाल्याने पाणी शुद्ध होत नाही. ज्या शहराचे सांडपाणी इकडे येते, तेच शहर याच जलाशयाचे पाणी पिते.

आता याच जलाशयावर मोठा तरंगता सौरप्रकल्प योजला आहे. दुष्काळी मराठवाड्यात बाष्पीभवन कमी होईल, हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही आणि विजेची गरजही नाकारत नाही. तथापि पॅनेल, ती जागेवर धरून ठेवणारे नांगर, केबल आणि त्यासाठीचे रस्ते उथळ काठावर येता कामा नयेत, एवढे तरी लेखी ठरले पाहिजे. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि त्याबरोबर काठही सरकतो, म्हणून ही मर्यादा केवळ पूर्ण भरलेल्या पातळीच्या नकाशावरून आखून चालणार नाही.

आमच्या ग्रामसभेत मी एकच मागणी लेखी मांडणार आहे: खाम जलाशयाला मिळते तिथल्या पाण्याची दरमहा तपासणी व्हावी आणि तिचे आकडे काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. नाथषष्ठीच्या सोहळ्यात पैठणमध्ये, एकनाथांच्या घरी पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याचा रांजण गोदावरीच्या पाण्याने भरला जातो. यंदाच्या षष्ठीपूर्वी पहिला कागद फलकावर लागावा, असा माझा प्रयत्न राहील.