गोल्डन कोडमधला हरवलेला ‘आय’

जवळजवळ तीन आठवडे मी एका वाकड्या आलेखासमोर बसून काढले.

दोन अँटेनांनी पाठवायचं, दोन अँटेनांनी घ्यायचं. मधे फेडिंग, म्हणजे सिग्नल कधी बुडेल याचा नेम नाही. १९९८ चा अलामौटी कोड, म्हणजे चिन्हं अँटेनांत आणि वेळांत वाटून पाठवायची एक रीत, आधीच चालवून झाला होता. सुटसुटीत आहे, पण दोन वेळांत दोनच चिन्हं पाठवतो. गोल्डन कोड तेवढ्यातच चार पाठवतो. २००५ मध्ये बेल्फिओरे, रेकाया आणि व्हितेर्बो यांनी तो मांडला. नावातलं सोनं सुवर्ण गुणोत्तराचं.

कोडची मॅट्रिक्स, म्हणजे कोणती अँटेना कोणत्या वेळी काय पाठवणार याचा चार घरांचा तक्ता, उतरवली, प्रोग्रॅम चालवला. सिग्नल दर १० डेसिबलनी वाढवला की चुका दहा हजार पटींनी कमी व्हायला हव्यात. सुरुवातीला रेघ झकास उतरली, मग मधेच आळसावली आणि पुढे जेमतेम शंभर पटींवर आली.

संशय अर्थातच डिकोडरवर, म्हणजे आलेल्या सिग्नलवरून पाठवलेली चिन्हं ओळखणाऱ्या भागावर. माझा स्फिअर डिकोडर (तो फक्त जवळपासचेच पर्याय तपासतो) दोनदा नव्याने लिहिला. शेवटी वैतागून तो काढूनच टाकला आणि २५६ च्या २५६ शब्द, म्हणजे चार चिन्हांच्या सगळ्या जुळण्या, एकेक करून ताडून पाहिले. आलेख तस्साच! पाठवण्याची शक्ती मोजली, बरोबर. लंबता, म्हणजे चिन्हांच्या दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत का, तपासली, तीही बरोबर.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कुठल्याही दोन वेगळ्या शब्दांच्या वजाबाकीचा निश्चयक (मॅट्रिक्सच्या चार घरांतून निघणारी एक संख्या) शून्य होता कामा नये, हा या कोडचा प्राण. शून्य सोडून ६५६० वजाबाक्या होतात. सगळ्यांचे निश्चयक छापले. शून्यांची रांगच लागली. चार चिन्हांतल्या फरकांना अ, ब, क, ड म्हटलं, तर पहिलंच उदाहरण: अ = १, क = १, ब आणि ड शून्य. निश्चयकाच्या कंसात १ − १. तिथे १ − आय हवं होतं; ‘आय’ म्हणजे −१ चं वर्गमूळ. खालच्या डाव्या घराला ‘आय’ने गुणायचं मी विसरले होते. ‘आय’चा आकार १, त्यामुळे शक्ती आणि लंबता या दोन्ही तपासण्यांतून चूक बिनबोभाट निसटली.

गुणाकार घातला, रेघ सरळ झाली. पण ‘आय’च का, हे डोक्यातून जाईना. कंसात असते दोन नॉर्मची वजाबाकी, एक अ-ब ची, दुसरी क-ड ची, दुसरीला ‘आय’ने गुणलेलं. नॉर्म म्हणजे अ² + अब − ब². त्याची चौपट (२अ + ब)² − ५ब². म्हणजे ५ ने भागून उरणारी बाकी पाहिली तर नॉर्म हा वर्गच ठरतो, आणि तिथे शून्येतर वर्ग दोनच: १ आणि ४. ‘आय’चा वर्ग −१, म्हणजे बाकी ४, म्हणून ‘आय’च्या जागी २ किंवा ३ येतो. दोन्ही वर्ग नाहीत, म्हणून ती वजाबाकी शून्य होऊच शकत नाही! दोन्ही नॉर्मना ५ ने भाग जात असेल तर थोडं आणखी खोदावं लागतं, पण मर्म एवढंच. कागदावर हे पाच ओळींत बसलं तेव्हा मी एकटीच हसले.

आता प्रोग्रॅम आधी निश्चयकच तपासतो. शेजारच्या चिन्हांतलं अंतर १ धरलं की सर्वांत लहान निश्चयकाचा वर्ग ०.२ यायला हवा. नाही आला, तर पुढे जातच नाही.