वहीतलं हातात उतरायला हवं

आज प्रथमोपचाराचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं. सगळ्यांच्या वह्या भरल्या, पण खरं काम आता सुरू होतं.

झोपण्याआधी वही मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. अडलात तरी लगेच वही उघडू नका, आठवण्याची ती धडपडच स्मरण पक्कं करते. नुसतं पुन्हा वाचलं की 'येतंय' असं वाटतं, तिथेच फसगत होते.

मग कृतीसाठी एकच गोष्ट निवडा. 'सीपीआरचा (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून करायच्या उपचाराचा) सराव करेन' हे फार मोघम झालं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडलेली रीत सोपी आहे: अमुक झालं की तमुक करेन. म्हणजे, रविवारी दात घासून झाले की घट्ट उशीवर दोन मिनिटं सराव. (जिवंत माणसाच्या छातीवर कधीच नको!) कोपरं ताठ, खांदे थेट हातांच्या वर, मिनिटाला १०० ते १२० दाब. प्रौढांसाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोली लागते, ती मात्र उशीवर कळत नाही, त्याला प्रशिक्षणाचा पुतळाच हवा.

बऱ्याचदा चुकतं ते दाब सोडताना. थकलं की माणूस हातांवर रेलतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात पुरेसं रक्त परत भरत नाही. बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढलात तर हे लगेच दिसतं.

हे कौशल्य काही महिन्यांतच उतरणीला लागतं. म्हणून पुढच्या उजळणीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.