थांबवत का नाही, बाई?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, प्रशिक्षणाला चहाच्या रांगेत विचारला जातो, आणि दर हिवाळ्यात एकदा तरी भेटीला आलेले साहेब वर्गाच्या दारात उभे राहून विचारतात. "पटावर सव्वीस, समोर नऊ. बाकीची?" आईबापाबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्याकडे गेलीत. "मग थांबवत का नाही तुम्ही?" यावर जे सांगायचं असतं ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून मी आजवर "प्रयत्न चालू आहेत" म्हणून सुटका करून घेत आले. परवा फोनवर तुम्हीही तेच विचारलंत. तुम्ही स्वतः शिकवता, तेव्हा तुम्हाला तरी एकदाचं नीट लिहून टाकते.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला कोण जातं, का जातं, उचल म्हणजे मुकादमाकडून, मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी घेतलेले पैसे, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, होते 30 सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी आमची शाळा भरलेली असते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या गाड्या लागतात आणि शाळा अर्ध्याहून कमी होते. म्हणजे कागदावरची शाळा सप्टेंबरातली, आणि साहेब बघायला येतात ती डिसेंबरातली. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस म्हणतो. जून ते दिवाळी त्यातले निम्मे जेमतेम भरतात. उरलेले दिवस लेकरं सांगलीत, कोल्हापुरात, नाहीतर थेट बेळगावच्या पलीकडे उसाच्या फडात असतात.

आणि आम्ही काही करत नाही, असं म्हणू नका. गणपती बसले की आमच्या गृहभेटी सुरू होतात. कोणाच्या घरी आजी आहे, कोणाची चुलती यंदा मागे राहणार, याची यादी होते. मग हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. नाव वसतिगृह, पण तिथे कोणी वस्तीला नसतं. लेकरं झोपतात नातेवाइकांकडे आणि दोन वेळचं जेवतात शाळेत. मंजुरीचा कागद येईपर्यंत बऱ्याचदा गाड्या निघून गेलेल्या असतात. मग किराणा उधारीवर भरायचा, आणि उधारी कोणाच्या नावावर ते विचारू नका. जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. हे सगळं आम्ही दोघं शिक्षक करतो. चार वर्ग, दोन खोल्या.

आता एक गोष्ट सांगते, ती साहेबांना कधी सांगितली नाही. मागे राहिलेल्या मुलांबरोबरचे हिवाळ्याचे महिने मला आवडतात. डोंगराच्या कडेमुळे आमच्या पटांगणात ऊन उशिरा येतं. परिपाठ उन्हाच्या पट्ट्यात होतो. पट्टा सरकला की रांगही सरकते. पहिली ते चौथी एकाच गोलात बसतात आणि प्रत्येक मूल रोज वाचतं. भरल्या वर्गात हे मला जमत नाही. केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत कबड्डीला सात लागतात, आमच्याकडे एकदा पाचच होते, तेव्हा दुसरीतली दोन चिमुरडी घेऊन गेलो. सपाटून हरलो आणि टेम्पोत गाणी म्हणत परत आलो. 3 जानेवारीला बालिका दिनाच्या नाटकात तीन मुली उरल्या होत्या आणि तिघींनाही सावित्रीबाईच व्हायचं होतं. झाल्या तिघी. शेण फेकायला कोणी राहिलं नाही, म्हणून आमच्या सरांनी फेकलं. फेकताना त्यांनाच हसू येत होतं.

बाकीची सतरा मुलं त्या वेळी पाचट तुडवत असतात आणि मी इथे मजेत असते. हे मला कळतं.

तर ते एक वर्ष.

एक मुलगी तिसरीत होती. जोडाक्षरं सफाईने वाचायची. मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा, तर आत्तापर्यंतचे किती झाले, हे माझ्याआधी तिला माहीत असायचं. घरात आजी चालतीफिरती होती. दीड वर्षाचा भाऊ होता. तिची आई म्हणाली, "तिला न्यावंच लागतंय बाई. बारक्याला कोण बघंल?" मी माझं भाषण केलं. ते मला पाठ आहे. मुलगी हुशार आहे, आजी आहे, जेवण शाळेत आहे, सहा महिने म्हणजे काय, अर्धं वर्ष बुडालं की पोरगी शाळेतून सुटते. बाप मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "राहू द्या." आई काही बोलली नाही. मी बापाचं "राहू द्या" उचललं आणि यादीत नाव लिहिलं. आईच्या न बोलण्याचा काय अर्थ होता, हे मला तेव्हाही कळत होतं. एक नाव वाढलं, याचा आनंद जास्त होता.

पोरगी थांबली. हजेरी पूर्ण. भागाकारापर्यंत आली. साहेब आले तेव्हा मी तिलाच फळ्याजवळ उभं केलं.

जानेवारीत एका रात्री तिच्या आईचा फोन आला. फडात पहाटेच शिरावं लागतं. बारक्याला कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, शेजारणीच्या पाच वर्षांच्या पोरीच्या भरवशावर ठेवलं होतं. बाहेर चुलीवर पाणी तापत होतं. त्याने भांडं ओढलं. हात आणि एक कूस भाजली. दवाखान्यात नेलं, पोरगं वाचलं. आई त्याच्याजवळ बसून राहिली, तेवढे खाडे पडले आणि उचलीतून वळते झाले. हे सगळं तिने एका सुरात सांगितलं. मी काहीतरी म्हणायला लागले, तर म्हणाली, "तिच्याकडं देता का फोन?"

मी फोन घेऊन आजीच्या घरी गेले. आईने लेकीला विचारलं, जेवलीस का, वेणी कोण घालतं, शेळी दूध देते का. भाजल्याचं एक अक्षर नाही. मग फोन परत माझ्याकडे आला. म्हणाली, "तिला सांगू नका बाई. तिला वाटंल, मी नव्हते म्हून झालं."

मला ती काहीच बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्थात गावात असलं काही लपत नाही. दुसऱ्या टोळीतल्या कोणाच्या तरी फोनवरून आठवडाभरात तिला कळलं. रडली नाही. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन, गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली, "मी आसते तर त्याला चुलीजवळ जाऊ दिला नसता." तिचं बरोबर होतं. मी तिला म्हटलं की तुझा काही दोष नाही. तिने विचारलं, "मग कोणाचा?" घंटा झाली होती, मी वर्गावर गेले.

पुढच्या दिवाळीला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बोचकी बांधून तयार होती. मी भाषण केलं नाही. हमी कार्ड भरलं, सही केली, पोरीच्या हातात दिलं. ते कुटुंब त्या वर्षी बेळगावच्या पुढे गेलं. तिथल्या मजुरांच्या तळाजवळ शाळा होती, पण कानडी. एप्रिलात कार्ड पेटीतून जसंच्या तसं परत आलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. पोरगी कानडीत दहापर्यंत मोजायला शिकून आली आणि पहिलीच्या मुलांना ते शिकवत बसायची. भागाकार मात्र पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. बारका ठणठणीत होता. कुशीवर व्रण होता.

तिचं पुढे काय झालं, हे मी सांगणार नाही. चांगलं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघा, थांबवल्याचा उपयोग झाला. वाईट सांगितलं तर म्हणाल, बघा, थांबवायला हवं होतं.

त्या वर्षीची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, एका अपघाताने घाबरलीस. ज्या बाकीच्या मुली तू थांबवल्यास त्यांच्या घरी काही झालं नाही, त्यांतल्या दोघी कॉलेजात जातात, त्यांचं नाव का घेत नाहीस? सही करून मोकळं होणं हे समजूतदारपणाचं नाव घेतलेलं आळशीपण आहे. मी तिला म्हणते, तू लेकीचं भलं मोजलंस, पण त्याची किंमत दीड वर्षाच्या पोराने दिली आणि तुझी हजेरी पूर्ण दिसली. ती म्हणते, आणि पोरगी गेली तेव्हा किंमत कोणी दिली? इथे आमचं भांडण थांबत नाही, नुसती रात्र होते.

एवढं मात्र मला दिसलंय की मुलगी थांबेल की जाईल, हे शाळेवरून ठरतच नाही. ते धाकट्यावरून ठरतं. गावात अंगणवाडी आहे, पण ती तीन वर्षांपुढच्यांना बसवते. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबर जाणार, आई कोयत्याला जुंपलेली, मग त्याच्या मागे आठ वर्षांची बहीण जाणार. तळावर कोपी असतात, बैल असतात, मुकादमाची मोटारसायकल असते. पाळणाघर मी कुठल्या तळावर बघितलेलं नाही. माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून मला विचारणारे बरेच आहेत. साखर कारखान्याच्या दारात उभं राहून हे विचारलेलं मी ऐकलं नाही. हो, हे हात झटकणं वाटेल. वाटू द्या.

आता गृहभेटीला गेले की मी आधी शाळेचं काढत नाही. बारकं कोणाजवळ राहणार, ते विचारते. यंदाच्या यादीत ज्या घरांत तीन वर्षांखालचं मूल आहे त्यांच्यापुढे पेन्सिलीने फुली केली आहे. सर विचारतात, फुली म्हणजे थांबवायचं की जाऊ द्यायचं? मी म्हणते, फुली म्हणजे फुली. गेल्या आठवड्यात अशाच एका घरी तासभर बसले. बाप म्हणाला, "दोन्ही पोरी ठेवतो." आईने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं? ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, बाई." मी म्हटलं, सोमवारी परत येते.