सेल्फ पोर्ट्रेटची वही : सहाव्याचं नाक ते अकराव्याची पाठ

सहावं चित्र बघून मैत्रीण म्हणाली, "चेहरा तुझाच आहे गं, पण नाक कुणाचं आणलंस?" या वेळची नोंद त्या नाकापासूनच सुरू करावी लागणार.

आधी थोडी उजळणी. वर्षभरात स्वतःची बारा डिजिटल चित्रं काढायची, महिन्याला एक. प्रत्येक चित्रात दोनपैकी एकच बाजू धरायची : मी आहे ती, नाहीतर मला व्हायचंय ती. दिवसभर मी आकड्यांत असते. व्हायचंय ते मुलांच्या चित्रपुस्तकांची चित्रकार. हे शेवटचं वाक्य उघड लिहायला मला सहा चित्रं लागली, म्हणून घाईघाईने पुढे जाते.

तर नाक. रेफरन्ससाठी, म्हणजे समोर ठेवून चित्र काढायला, मी फोन हातात धरून फोटो काढला होता आणि त्यावरून इमानेइतबारे चित्र उतरवलं होतं. चूक हाताची नव्हती, अंतराची होती. कॅमेरा चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर नाकाचा शेंडा आणि कान यांच्यातलं दहा-बारा सेंटीमीटरचं अंतर त्या मानाने भलतंच मोठं ठरतं. जवळचं फुगतं, लांबचं आक्रसतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की तेवढ्या फरकाला काही किंमत उरत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं होतं : १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे मी स्वतःच्या नाकावर इतकी वर्षं उगाचच रागावलेली होते.

आता फोन ट्रायपॉडवर, दीड मीटर लांब, दहा सेकंदांचा टायमर, प्रकाश एकाच बाजूच्या खिडकीचा, आणि मग क्रॉप. पिक्सेल कमी होतात, होऊ देत. रेफरन्समध्ये त्वचेची छिद्रं मोजायची नसतात. (१५२४ च्या सुमारास इटलीतल्या पार्मिजानिनोने फुगीर आरशात बघून स्वतःला रंगवलं, तेही कापलेल्या लाकडी गोळ्याच्या फुगीर अंगावर. पुढे आलेला त्याचा हात अजस्र दिसतो. माझ्या फोनने केलं तेच त्या आरशाने केलं होतं. फक्त त्याला ते हवं होतं.)

नाकाचा प्रश्न सुटला आणि दुसरी भानगड समोर आली. नव्या फोटोतली मी मलाच परकी वाटायला लागले. बराच वेळ निरखल्यावर कळलं, भांग. आरशात माझा भांग डावीकडे असतो, फोटोत उजवीकडे गेला होता. १९७७ साली मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग यावर फार छान आहे. लोकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. स्वतःचा उलटा आवडणाऱ्यांचं पारडं जड निघालं. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळच आवडला. जो चेहरा रोज दिसतो तोच बरा वाटतो, एवढं साधं कारण.

यावरून मी एक नियम केला. 'आहे ती' चित्रं लोकांना दिसते तशी, सरळ. 'व्हायचंय ती' चित्रं आरशातल्यासारखी, उलटी, कारण त्या दुसऱ्या बाईला माझ्याखेरीज अजून कुणी पाहिलेलं नाही. नियम सुचला त्या रात्री मी स्वतःवर जाम खूश होते.

सातवं, 'आहे ती'. फक्त तीन व्हॅल्यू, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, वापरल्या : गडद, मधली, उजळ. फार सांगण्यासारखं नाही, पण एक युक्ती टिपून ठेवा. रंगीत चित्राच्या व्हॅल्यू तपासायला सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर (थर) ठेवायचा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळायची पद्धत, 'कलर' करायचा. लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह लावून चित्र करड्या छटांत बघायचं, ते काढून परत रंगांत. सॅच्युरेशनचा (रंगाच्या तीव्रतेचा) स्लायडर शून्यावर नेऊन हे काम नीट होत नाही. त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्या रंगाचे होऊन बसू शकतात, आणि आपल्या डोळ्याला तर पिवळा कितीतरी उजळ दिसतो. मी सहा चित्रं त्या स्लायडरच्या भरवशावर काढली होती.

आठवं, 'व्हायचंय ती'. याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण हे या वर्षातलं सगळ्यात वाईट चित्र आहे आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलंही तेच.

चित्रकार व्हायचंय ना, मग दाखवू या म्हटलं. केसांत खोवलेले ब्रश आले. मागे उडणारी पुस्तकं आली. पुस्तकांतून निसटणारी अक्षरं, अक्षरांतून फुटणारे तारे, खांद्यावर एक घुबड (का, ते मलाही सांगता येणार नाही), गालावर मुद्दाम ओढलेला रंगाचा फराटा, आणि सगळ्यावर सोनेरी ग्रेडियंट. ६३ लेयर झाले. शेवटी शेवटी टॅब्लेट एकेक स्ट्रोक विचार करून उमटवत होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते माझ्या बाबतीत शब्दशः झालं, कारण त्या पसाऱ्यात चेहऱ्याला जागा उरली होती ती इतकीच की मागच्या महिनाभराच्या कष्टाने सुधारलेलं नाक कुणाच्या लक्षातही येऊ नये.

मैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "छान आहे. कशाची जाहिरात आहे?"

दोन दिवस रुसून घालवल्यावर मी जुन्या चित्रकारांची सेल्फ पोर्ट्रेट काढून बसले. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं १५०० सालातलं चित्र, म्युनिकमध्ये आहे ते. वय २८. अंगावर फरच्या कॉलरचा कोट, एक हात छातीशी, मागे अंधार. हातात ब्रश नाही, पॅलेट नाही, आपण चित्रकार असल्याची एकही वस्तू नाही. पण बसलाय तो अगदी समोरून, दोन्ही बाजू तोललेल्या, आणि तशी बैठक तोवर मुख्यतः येशूच्या चित्रांत असायची. त्याला स्वतःला जे मानायचं होतं ते सगळं त्याने बसण्यात घातलं.

मग अमृता शेरगिल. १९३४ साली, पॅरिसमध्ये असताना, विशीच्या उंबरठ्यावरच म्हणा ना, तिने स्वतःला पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरची बाई म्हणून रंगवलं. ताहितीला ती कधी गेली नव्हती. तिथल्या बायका युरोपला ठाऊक होत्या त्या गोगँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांमुळे, आणि ती नेमकी त्या चौकटीत स्वतः जाऊन उभी राहते, हात समोर एकमेकांवर, नजर बाजूला, मागे एका पुरुषाची सावली. वेष उसना घेतलेला आहे, पण नजर उसनी नाही. माझ्या आठव्यात उलटं झालं होतं. वस्तू सगळ्या हौसेने जमवलेल्या आणि चेहऱ्यावर मात्र पासपोर्टच्या फोटोतला भाव.

एकेक लेयर बंद करत गेले. घुबड गेलं, तारे गेले, पुस्तकं गेली. ११ लेयर उरले तेव्हा चित्र बरं दिसायला लागलं, आणि मग लक्षात आलं की उरलेली ती सातव्यातलीच मी आहे, फक्त भांग उलटा. फाइल तशीच ठेवली आहे. पुसणार नाही.

नववं म्हणजे अवतार, छोट्या चौकोनात बसणारं चित्र. इथे ग्राफिक डिझाइन सुरू होतं आणि रंगवण्याची हौस गुंडाळून ठेवावी लागते. व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी बिंदू आणि वक्ररेषांनी बनणाऱ्या चित्रात) काम, चार सपाट रंग, आणि कसोटी एकच : ४८ पिक्सेलला ओळखू यायला पाहिजे. १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी डिझायनर सुझन केअरने काढलेल्या आयकॉन्समध्ये हसरा कॉम्प्युटर ३२ बाय ३२ चौकटींत, फक्त काळ्या-पांढऱ्यात बसवला होता, तर मला चार रंग म्हणजे चैन होती.

पहिल्या मसुद्यात बाह्यरेषेला २१४ नोड, म्हणजे रेषा धरून ठेवणारे बिंदू, होते. ऑटो ट्रेस केलं, म्हणजे सॉफ्टवेअरलाच रेषा गिरवू दिली, की असंच होतं. रेषा दिसते गुळगुळीत, पण एक नोड हलवला की शेजारचे पाच कुरकुरतात. ही वक्ररेषा बेझिएच्या नावाची. तो फ्रान्समध्ये रेनॉ या मोटार कंपनीचा इंजिनिअर होता आणि मोटारींच्या अंगाला वळण द्यायला ती वापरायचा, हे कळल्यापासून मी हनुवटीकडे बॉनेटसारखं बघते. वळणाच्या टोकांवरच नोड ठेवायचे, त्यांची हँडल (वळण ठरवणाऱ्या दांड्या) आडवी किंवा उभी ओढायची, एवढं पाळून हाताने पुन्हा काढलं तेव्हा ६१ नोडांत भागलं.

नोड कमी करताना काय ठेवायचं हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअर सोडवत नाही. मी एकेक गोष्ट झाकून बघितली. ओठ झाकले, ओळख पटते. नाक झाकलं (ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं), तरी पटते. चष्मा झाकला आणि मी गायब. मग चष्म्याच्या आत डोळेच काढले नाहीत, दोन कोऱ्या गोल काचा ठेवल्या, डावी थोडी खाली उतरलेली. माझा चष्मा कायम डावीकडे उतरतो. मेक्सिकन चित्रकार फ्रीडा कालोच्या जुळलेल्या भुवया दोन रेघांत काढल्या तरी ती ओळखू येते. माझ्या वाट्याला वाकडा चष्मा आला, हरकत नाही. 'आहे ती' गटातलं हे आतापर्यंतचं सगळ्यात खरं चित्र आहे आणि त्याला डोळे नाहीत.

दहावं : चेहऱ्याऐवजी नाव. हे सेल्फ पोर्ट्रेट धरायचं का यावर वाद घालता येईल, पण वही माझी आहे. देवनागरी अक्षरांशी झटापट करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. मजकुराची सेटिंग दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलली नाही तर काही सॉफ्टवेअरांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. अक्षरांतली मोकळीक वाढवली की शिरोरेघ तुटते. रोमन अक्षरांना शोभणारी ती ऐसपैस मांडणी इथे हवी असेल तर शिरोरेघ वेगळी ओढून जोडावी लागते. आणि ल पाकळीचाच (मराठी वळणाचा) हवा असेल तर काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय तो येत नाही. श चंही तसंच. माझ्या नावात श आणि ल दोन्ही आहेत, त्यामुळे या एका गोष्टीवर माझा पूर्ण रविवार गेला. शेवटी फॉन्ट बाजूला ठेवून अक्षरं हातानेच काढली. शिरोरेघ थोडी डावीकडे उतरती झाली. मुद्दाम नव्हे, पण चष्म्याशी जुळली म्हणून राहू दिली.

अकरावं, 'व्हायचंय ती'. आठव्याचा धसका होता. या वेळी वस्तू नकोत, वेष नको, फक्त बसणं, एवढं पक्कं केलं. पण कसं बसणार ती? बरेच दिवस काही सुचेना. मग एका रात्री काम करताना फोन मागे ट्रायपॉडवर लावून दिला, दर पाच मिनिटांनी एक फोटो, आणि विसरून गेले.

स्वतःची पाठ कधी बघितली आहे का तुम्ही? चेहरा शेकडो वेळा काढून झाला आणि पाठ मला अनोळखी होती. उजवा खांदा वर चढलेला, कारण स्टायलस (टॅब्लेटवर काढायचं पेन). मान पुढे. डावा पाय खुर्चीवर दुमडलेला, शाळेत ज्याबद्दल ओरडा खाल्ला तो तसाच. अर्ध्या रात्रीचे चाळीसेक फोटो, सगळ्यांत बाई तीच, पण फोटो काढला जातोय याचं भान तिला कशातच नाही. आठव्यात ६३ लेयर घालून जे आलं नव्हतं ते इथे आयतं समोर होतं.

प्रकाश दोनच. स्क्रीनचा थंड, समोरून, त्यामुळे केसांच्या कडेला बारीक निळसर रेघ. दिव्याचा उबदार, डावीकडून, पाठीवर. सावल्या एका मल्टिप्लाय (खालचे रंग गडद करणाऱ्या) लेयरवर, बाकी सगळं एकाच लेयरवर तैलरंगासारखं थेट. कडा बहुतेक विरघळू दिल्या. धारदार कड दोनच ठिकाणी ठेवली, चढलेला खांदा आणि स्टायलस धरलेली बोटं.

एक अडचण आली. तिच्यासमोरच्या टॅब्लेटवर काहीतरी दिसायला हवं होतं. जागा होती जेमतेम १८० पिक्सेलची. चार रंगीत ठिपके टाकून भागलं असतं, पण मोठं करून बघितलं की ते ठिपकेच दिसत होते. म्हणून उलटी छत्री धरून पावसात उभा असलेला एक बेडूक काढला. छोटा नीट दिसेना म्हणून वेगळ्या फाइलमध्ये मोठा काढला आणि लहान करून इथे चिकटवला. बेडूक पूर्ण होईस्तोवर तीन रात्री पोर्ट्रेटला हात लावला नाही.

आणि नियम मोडला तो असा. सगळं झाल्यावर ठरल्याप्रमाणे फाइल आरशासारखी उलटवायला गेले, कारण हे 'व्हायचंय ती' गटातलं. उलटवली आणि चुकीचं वाटलं. परत सरळ केली. भांग बघितला, चित्रात तो डावीकडे होता, न उलटवताच. कागदावर डोकं काढून, कागद फिरवून पाच मिनिटं विचार केला तेव्हा उलगडा झाला. समोरून बघणाऱ्याला माझा भांग उजवीकडे दिसतो, पण मागून बघणाऱ्याला डावीकडे, म्हणजे मला आरशात दिसतो त्याच बाजूला. पाठमोऱ्या चित्रात लोकांची बाजू आणि माझी बाजू एकच. उलटवलं असतं तर ते दोघांनाही चुकीचं दिसलं असतं.

मैत्रिणीला पाठवलं. तिने माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "बेडूक पुढे कुठे जातो?"

बाराव्याची फाइल उघडली आहे : २४८० बाय ३५०८ पिक्सेल, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापील ए-फोर. छत्री पुन्हा काढली, पावसाच्या रेघा बदलल्या. मी त्यात कुठे बसणार ते अजून ठरलेलं नाही, आणि बेडकाचा मागचा डावा पाय काही केल्या जमत नाहीये. कुणी बेडूक काढले असतील तर गुडघा नेमका कुठे वळतो ते सांगा.