चिन्दोकीच्या पायथ्याला, जिथं घराला नाव असतं

उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलुखातल्या ओर्दिसियाला उतरलो तो बुधवार होता. मुद्दाम बुधवारच धरला होता, कारण तिथला आठवडी बाजार बुधवारी असतो आणि तो 1512 पासून भरतोय, गाव आगीत जळाल्यावर खुआना राणीने बाजार भरवायची परवानगी दिली तेव्हापासून. दोनोस्तियाहून, म्हणजे सान सेबास्तियनहून, लोकल ट्रेनने पाऊण तास. चौकात जाडजूड खांबांवर मोठं छप्पर आहे, त्याखाली टेबलं मांडून आसपासच्या डोंगरातले शेतकरी बसलेले, कुणाकडे पाच-सहा जुड्या भाजी, कुणाकडे टोपलीभर अंडी, कुणाकडे नुसतं चीज. इथं जो भाव निघतो तो आजूबाजूचे लोक धरून चालतात, आपल्याकडे कांद्याला लासलगावचा भाव धरतात तसं. तिथंच एका टेबलावर आमची यजमानीण भेटली, सत्तरीच्या आसपासची, तिच्या घरी आम्ही तीन रात्री राहणार होतो. बाजार आवरल्यावर तिच्या मुलाने रिकाम्या टोपल्यांबरोबर आम्हालाही गाडीत घातलं आणि आम्ही वर निघालो.

गाव आबाल्त्सिस्केता. बास्क प्रांतातला गिपुस्कोआ जिल्हा, वस्ती साधारण तीनशे. एक चर्च, एक चौक, चौकात पेलोटा, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा खेळ, खेळायची उंच भिंत, आणि बाकी सगळं गाव म्हणजे डोंगरउतारावर लांब लांब विखुरलेली घरं. आपल्या कोकणातल्या वाड्या जशा, एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात जेमतेम ऐकू जाईल इतकं अंतर. जूनचा पहिला आठवडा होता आणि सगळीकडे इतकं हिरवं की डोळे निवतात. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही, असं काहीतरी सतत अंगावर भुरभुरत असतं, त्याला ते सिरिमिरी म्हणतात. शब्द ऐकूनच कळतं ना कसला पाऊस ते!

आणि वर चिन्दोकी. 1,346 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरोबर 300 मीटरने कमी, पण समोरून बघितला तर एकदम सुळका, आभाळात घुसलेला. त्याच्या पोटात एक गुहा आहे, तिथं मारी नावाची बाई राहते असं जुने लोक सांगत. देवी म्हणा, डोंगराची मालकीण म्हणा. शिखरावर ढग बसला की मारी घरी आली असं समजायचं. माझ्या अंगावर काटाच आला, कारण डोंगर म्हणजे बाई, आणि ती वर बसून पावसापाण्याचं बघते, हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

आता घराबद्दल सांगते, कारण खरं तर या सगळ्या लिखाणाचं कारण तेच आहे. बास्क शेतघराला बासेर्री म्हणतात. दगडी, अवाढव्य, पसरट उतरतं कौलारू छप्पर, खाली एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, वर गवत साठवायची जागा, म्हणजे गुरांची ऊब आणि गवताची ऊब दोन्ही माणसांना मिळते. कित्येक जुन्या घरांच्या तर आतच सफरचंदाची सायडर काढायचा भलामोठा लाकडी घाणा असायचा, आणि घर त्या घाण्याभोवतीच बांधलेलं असायचं. दारावर सुकवलेलं सूर्यफुलासारखं एक काटेरी फूल ठोकलेलं, एगुस्किलोरे, म्हणजे सूर्याचं फूल. रात्री चेटकीण आली की तिला आत यायच्या आधी त्या फुलाचे सगळे केस मोजावे लागतात, मोजता मोजता उजाडतं, आणि ती पळून जाते. आपण लिंबू-मिरची बांधतो, हे फूल ठोकतात.

पण मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्येक घराला नाव असतं आणि ते नाव घरातल्या माणसांपेक्षा मोठं असतं. गावात तुम्हाला कोण विचारलं तर अमक्या घराची असं सांगायचं, आडनाव नंतर. आडनावंसुद्धा बहुतेक घरावरून किंवा जागेवरूनच आलेली. आपण गावावरून कर लावतो, नागावकर, पेडणेकर, तसे हे घरावरून. एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं, एचेबेर्री म्हणजे नवं घर. आणि हाच शब्द झिजत झिजत झाला झेवियर! जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये ज्यांचं शव ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर 1506 मध्ये इथल्या शेजारच्या नवारा प्रांतातल्या शाविएरच्या गढीत जन्मले आणि त्यांची मातृभाषा बास्कच होती, भारतातून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी तसं लिहिलंय. इतक्या वेळा गोव्याला गेले मी, आणि त्या नावाचा अर्थ 'नवं घर' आहे हे मला इथं या डोंगरात कळलं.

घर आणि जमीन कधी तोडायची नाही, ही इथली जुनी रीत. सगळी इस्टेट एकाच मुलाला, किंवा मुलीलाही, ज्याला आईबाप निवडतील त्याला. बाकीच्यांनी चर्चमध्ये जायचं, दर्यावर्दी व्हायचं नाहीतर अमेरिकेत. नेवाडा आणि आयडाहोत मेंढपाळ म्हणून गेलेले बास्क बहुतेक असेच, ज्यांच्या वाट्याला घर आलं नाही ते. आमच्या यजमानीणबाईंच्या सासऱ्यांचे दोन भाऊ असेच गेले, एकाचं पत्र यायचं, दुसऱ्याचं कधी आलंच नाही. हे सांगताना त्या शेंगा सोलत होत्या आणि हात थांबला नाही त्यांचा. मला वाटलं केवढी ही कठोर रीत. पण मग आमचं भुदरगडातलं घर आठवलं. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या, माजघराच्या मधोमध विटांची भिंत आली, देवघर एकीकडे आणि चूल दुसरीकडे, आणि आता दोन्ही बाजूंना कुलूप आहे. भाऊ सगळे जवळच राहिले पण घर राहिलं नाही. इथं घर राहिलं आणि भाऊ गेले. यातलं कुठलं बरं हे मला तिथं तीन दिवस ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

घराचं हे नातं मेल्यावरही सुटत नाही. चर्चमध्ये प्रत्येक घराची जागा ठरलेली असायची, त्या जागेवर घरातली बाई आपल्या मेलेल्या माणसांसाठी मेणबत्ती लावायची. शेजारच्या आमेस्केतात अजूनही जुनी आर्गिसाइओला जपलेली आहेत, म्हणजे नक्षीदार लाकडी फळी आणि तिला गुंडाळलेली दोरीसारखी बारीक मेणबत्ती. आणि त्यासाठी मेण लागतं म्हणून घरातलं कुणी गेलं की मधमाश्यांच्या पेट्यांजवळ जाऊन त्यांना सांगायचं, मालक गेला, आता मेण जास्त करा. यजमानीणबाई म्हणाल्या, सासूबाईंनी सासऱ्यांच्या वेळी जाऊन सांगितलं होतं, मी दारात उभी राहून बघत होते. अशा चालीरीती गावोगाव फिरून लिहून ठेवणारे बारान्दियारान हे पाद्री-अभ्यासक जवळच्याच आताउनचे, 1889 मध्ये जन्मले आणि 1991 मध्ये गेले. शंभरी ओलांडली माणसाने.

जेवण साधं. तोलोसाचा काळा घेवडा, थोडं तेल आणि कांदा घालून नुसता पाण्यात तासन्‌तास मंद शिजवलेला, रस्सा दाट चॉकलेटी होतो, वरून तोंडी लावायला इबार्राच्या लांब हिरव्या मिरच्या, व्हिनेगरमधल्या. मसाला शून्य आणि तरी मी दोनदा घेतलं. नंतर मामिया, मेंढीच्या दुधाला विरजणाऐवजी रेनेट (चीज करताना दूध घट्ट करायला घालतात ते) घालून लावलेलं दही, वर मध. चमचा घातला आणि आमचे हे म्हणाले, अगं हा तर खरवस! पूर्वी लाकडी कासंडीत दूध ओतून त्यात तापवून लाल केलेले दगड टाकायचे, म्हणून त्याला किंचित करपट चव असायची, आणि म्हाताऱ्या लोकांना अजून तीच चव आवडते म्हणे.

दुसऱ्या दिवशी लाराइत्सच्या देवळाजवळून, म्हणजे छोटं चर्चच ते, वर कुरणांकडे चढलो. शिखर नाही गाठलं, ढग उतरला. पण मेंढ्या भेटल्या, लाचा जातीच्या, लांब राठ लोकर जमिनीला टेकतेय की काय अशी. लाचा या शब्दाचा अर्थच मुळी राठ. मे महिन्यात त्या आरालारच्या पठारावर जातात आणि थंडीच्या आधी खाली येतात. त्यांच्या कच्च्या दुधाचं इदियासाबाल चीज होतं, किमान 60 दिवस मुरवलेलं, 1987 पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. मेंढी दूध देते थोडंसंच, म्हणून त्या चीजच्या एका गोल चाकीमागे किती धारा काढल्या असतील ते धरून बघा. आपले धनगर आठवल्याशिवाय राहिले नाहीत.

भाषा मात्र कशाशीच जुळत नाही, जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तरी आमच्या ह्यांनी, म्हणजे व्याकरणाचं वेड असलेला माणूस, एक गंमत काढलीच. आपण 'माणूस आला' म्हणतो पण 'माणसाने सफरचंद खाल्लं', तो 'ने' लागतो ना, तसाच बास्कमध्ये 'क' लागतो. गिसोनाक सागार्रा खान दू. गिसोनाक म्हणजे माणसाने. (आणि खाण्याला इकडच्या उच्चारात 'खान', पण तो निव्वळ योगायोग.) आणि मोजतात विसाने! ओगेई वीस, बेर्रोगेई म्हणजे दोन विसा, इरुरोगेई तीन विसा, लाउरोगेई चार विसा. माझी आजी अंडी, गोवऱ्या, सगळं विसाने मोजायची. यजमानीणबाई अंडी मोजताना लाउरोगेई म्हणाल्या आणि मला एकदम आजीचा आवाज ऐकू आला.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मुलाकरवी मला विचारलं, तुमच्या घराचं नाव काय? मी गप्प. घराला नाव नव्हतंच. रात्री आईला फोन लावला, तिकडे पहाट होती, म्हटलं आई, आपल्या गावच्या घराला कधी काही नाव होतं का? ती म्हणाली, घराला कशाला नाव, शेतांना होती की. आणि अंथरुणातूनच एकेक सांगायला लागली, वडाची पट्टी, म्हसोबाचा माळ, कातळवाडा, विहिरीकडचं, सासूबाईंची भाची जिथं बुडता बुडता वाचली ते खालचं खाचर. मी वहीत लिहीत गेले, अकरा झाली.

सकाळी निघायच्या आधी ती वही मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. यजमानीणबाईंनी चष्मा लावला, जणू त्यांना देवनागरी वाचता येणार होतं, आणि माझ्यामागून प्रत्येक नाव म्हणून बघितलं. 'म्हसोबा' काही केल्या जमेना, पण 'खाचर' पहिल्या फटक्यात बरोबर आलं.